ठमीची दहा नखं आणि इंदूताई

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी आम्हा लेखकांना एक सूचनापत्र पाठवलं आहे. त्यातली पहिली सूचना अशी, की डॉ. इंदुमती घारपुरे यांच्याशी आपली पहिली भेट कुठे आणि कशी झाली ते लिहावं. बाकीच्या बहुतेकांची ती टोकियोतल्या ओजिमाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत झाली असणार. माझीही तशी झाली असती तर हा लेख लिहिणं फार सोपं गेलं असतं. माझी आणि इंदूताईंची पहिली भेट झाली ती इचिकावातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात, तपासणीच्या टेबलापाशी. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे त्या आणि मध्ये माझी मांजर ठमी. मी ठमीची नखं कायमची काढून घ्यायला आले होते आणि तिचे पाय धरायचं काम इंदूताईंकडे होतं.

हे लिहू का, असं मी त्यांना फोन करून विचारलं. ‘‘पंच्याहत्तरीच्या पुस्तकात खोटं लिहिणार आहेस का?’’ त्या म्हणाल्या. ‘‘लिही. फक्त माझ्याबद्दलचंही सगळं लिही.’’ तेव्हा त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. माझे यजमान सतीश टोकियोत एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत होते. मी त्यांच्याबरोबर आलेली, मुलगी मुक्ता पहिलीत. स्टेशनच्या सायकली लावायच्या जागेत मुक्ताला मांजराचं एक पिल्लू सापडलं, ते घरी आलं आणि त्याचं नाव ठमी ठेवलं गेलं. आम्ही राहत होतो ती दुमजली इमारत त्सुचिदा-सान नावाच्या वयस्क बाईंची होती. घरमालकाला इथे ओया-सान म्हणतात. या आमच्या ओया-सान तळमजल्यावरच राहत. आमच्या तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीला कागदी सरकती दारं होती, म्हणजे फुसुमा. त्यांवरचा कागद त्यांच्या दिवंगत यजमानांनी स्वतःच्या हाताने चिकटवलेला होता. त्यांचा तो धंदाच होता. पिल्लू दाखवायला गेलो तेव्हा त्या हसल्या, ठेवा म्हणाल्या आणि जाताजाता एवढंच बोलल्या, की फुसुमाकडे जरा लक्ष असू द्या.

कोणाही शहाण्या माणसाने यावर नुसतं लक्ष ठेवलं असतं. पण आम्ही परदेशात राहणारी मराठी मध्यमवर्गीय माणसं. चांगले भाडेकरू होण्याची आम्हाला हौसच जडली होती. दुधाचे खोके धुऊन, वाळवून, कात्रीने उलगडून कचऱ्यात देणारे आम्ही. फोडणीच्या वेळी खिडक्या बंद करणारे आणि मग खोकत बसणारेही आम्हीच. कोणी काही सांगण्याआधी आपणच चार पावलं पुढे जाऊन उभं राहायचं, म्हणजे कोणाला बोलायला जागा उरत नाही, असं आमचं धोरण. अशाच उत्साहात सतीशनी कोणा सहकाऱ्याकडून ऐकलं, की मांजरांची नखं कायमची काढता येतात. झालं. आम्ही दवाखान्यात वेळ घेतली.

टेबलापलीकडच्या सहायिकेने फिकट निळा एप्रन घातला होता. मी ठमीला ‘‘अगं, स्वस्थ बस की जरा!’’ म्हणाले, तशी तिने मान वर केली.

‘‘तुम्ही मराठी?’’

अशा ठिकाणी मराठी कानावर पडल्यावर मला जो आनंद झाला, तो सांगायला नको. मी दोन मिनिटांत माहेर, सासर, मुक्ताची शाळा सगळं सांगून मोकळी झाले. इंदूताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘नखं कशासाठी काढताय? ओया-सान म्हणाल्या का?’’

‘‘त्या म्हणायच्या आधीच करून टाकतोय,’’ मी अभिमानाने म्हणाले.

त्यांनी ठमीच्या पंज्यावरून बोट फिरवलं. ‘‘एकदा घरी जाऊन पुन्हा विचार करता का?’’

‘‘झालाय आमचा विचार.’’

एवढ्यात डॉक्टर आले आणि इंदूताई गप्प झाल्या. भुलीचं इंजेक्शन देईपर्यंत त्यांनी ठमीचे पुढचे दोन्ही पंजे धरून ठेवले. त्यांची पकड इतकी हलकी होती, की ठमी ओरडलीसुद्धा नाही. मला फार हायसं वाटलं होतं.

दोन दिवसांनी ठमी घरी आली. तिच्या पायांवर पट्ट्या होत्या. आम्ही गोड बिस्किटांचा एक डबा घेतला आणि तिला घेऊन ओया-सानकडे गेलो, म्हणजे आमचं शहाणपण त्यांच्या दृष्टीस पडावं म्हणून. त्यांनी ठमीच्या पंजांकडे पाहिलं. मग खूप खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, ‘‘माझ्यासाठी एवढं केलंत, फार त्रास दिला तुम्हाला.’’ आम्ही खूश होऊन वर आलो.

ठमी खूश नव्हती. ती चालताना मागे रेलायची. तिच्या मातीच्या खोक्यात पाय टाकला की झटकन बाहेर यायची आणि न्हाणीघरातल्या पायपुसण्यावर बसायची. मी तिला रागावायचे. हो, मी तिलाच रागावायचे. मुक्ता तोवर घरातही जपानीच बोलायला लागली होती. एक दिवस ती खोक्याशेजारी बसून नुसतं ‘‘इताइ, इताइ’’ म्हणत होती, म्हणजे दुखतंय, दुखतंय. मी दवाखान्यात फोन केला. दुसऱ्या दिवशी बुधवार होता, इंदूताईंची सुट्टी. त्या स्वतः सायकल मारत आमच्याकडे आल्या.

आल्या आल्या त्यांनी खोक्यातली खडबडीत माती ओतून टाकली आणि त्यात वर्तमानपत्राचे मऊ तुकडे फाडून घातले. ठमी वास घेऊन आत गेली. मग त्या आमच्या छोट्या टेबलाशी बसल्या आणि त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर त्यांनी बोट ठेवलं.

‘‘मांजराचं नख हाडातून येतं. ते काढायचं म्हणजे हे पेर सांध्यापासून कापायचं. पुढच्या पायांची दहा बोटं, दहा पेरं.’’

मी हात ओढून घेतला. ‘‘मग त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही?’’ माझा आवाज चांगलाच चढला होता. ‘‘तुम्हाला माहीत होतं ना?’’

‘‘सांगायला हवं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाही सांगितलं.’’

त्यांच्याकडे बोलण्यासारखं खूप होतं हे मला नंतर कळलं. मुंबईची पशुवैद्यकाची पदवी आणि तिथला बारा वर्षांचा अनुभव घेऊन त्या यजमानांबरोबर, माधवरावांबरोबर इथे आल्या होत्या. माधवराव विद्यापीठात संशोधन करत. इंदूताईंची पदवी इथे चालत नव्हती. त्यांना परवान्याची परीक्षा द्यायची होती आणि त्यासाठी याच डॉक्टरांचं शिफारसपत्र हवं होतं. तोवर तासावर मजुरी घेऊन त्या पिंजरे धुवायच्या आणि पाय धरायच्या. यातलं एक अक्षरही त्यांनी त्या दिवशी सबब म्हणून काढलं नाही. माणसाला आपली चूक इतक्या कमी शब्दांत कबूल करता येते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी मात्र त्यांना चहासुद्धा न विचारता जाऊ दिलं.

प्रकरण इथे संपलं असतं, तर आम्ही दोघी पुढे गणपतीत भेटून एकमेकींकडे बघणं टाळलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात काइरानबान आलं. ही एक पाटी असते. तिला सूचनेचा कागद अडकवलेला असतो. आपण वाचायचा, आपला शिक्का मारायचा आणि शेजाऱ्यांच्या दाराशी नेऊन ठेवायची. मला वाचता येईना म्हणून मी ती इंदूताईंकडे नेली. तेवढ्यासाठी तरी जावंच लागलं. त्यांनी वाचलं आणि पाटी मांडीवर ठेवून दिली.

‘‘काय लिहिलंय?’’

‘‘यापुढे या इमारतीत ज्यांना मांजर ठेवायचं आहे, त्यांनी वरच्या मजल्यावरच्या भारतीय कुटुंबाप्रमाणे नखं काढून घ्यावीत. आणि ओया-साननी तुमच्या सौजन्याबद्दल आभार मानलेत.’’

आमच्या शेजारी नोगुची-सान राहत. तातामी विणण्याचा जन्मभर धंदा केलेले, आता एकटे. त्यांच्याकडे कुरो नावाचा काळा बोका होता. काइरानबानवर त्यांचा शिक्का माझ्या आधीच पडला होता. नियम म्हणजे नियम, असं मानणारा माणूस. त्यांनी त्याच दवाखान्यात कुरोसाठी पुढच्या सोमवारची वेळ घेतलीसुद्धा होती. ते कळल्यावर मला रडू फुटलं. माझ्या मांजराचं मी जे केलं ते केलं, आता माझं उदाहरण देऊन ते शेजारच्या मांजराचंही होणार होतं.

त्या सोमवारच्या आधी इंदूताईंनी दोन गोष्टी केल्या.

त्यातली एक मला त्या वेळी माहीतच नव्हती. शुक्रवारी त्या डॉक्टरांना भेटल्या आणि म्हणाल्या, की या शस्त्रक्रियेसाठी मी यापुढे मांजर धरणार नाही. डॉक्टर काही दुष्ट नव्हते. मालकाची इच्छा असेल आणि कायद्याची आडकाठी नसेल, तर आपण नाही कसं म्हणणार, असं त्यांनी समजावलं. इंदूताई ऐकेनात. मग डॉक्टरांनी अतिशय नम्रपणे सांगितलं, की उद्यापासून आला नाहीत तरी चालेल. नोकरी गेली आणि शिफारसपत्रही गेलं. दोन महिन्यांनी माधवरावांच्या तोंडून निघालं तेव्हा मला हे समजलं. ‘‘बोललो म्हणून सांगू नका हं तिला,’’ असं वर ते म्हणाले. आज मी सगळ्यांदेखत सांगते आहे. माधवराव, माफ करा.

दुसरी गोष्ट माझ्यासमोर झाली. शनिवारी सकाळी त्या मला घेऊन नोगुची-सानच्या दाराशी गेल्या. कोणताही निषेध नाही, विनंतीसुद्धा नाही. ‘‘कुरो-चानची नखं जरा कापून देऊ का?’’ एवढंच. उंबऱ्यावर बसून त्यांनी कुरोला मांडीवर घेतलं, पंज्याच्या गादीवर अंगठ्याने हलकेच दाबलं, नख बाहेर आलं, टोक कापलं. पुढची दहा, मागची आठ, अशी अठराच्या अठरा नखं झाली तेव्हा नोगुची-सानच्या हातातला चहा अजून गरम होता.

‘‘एवढंच?’’ त्यांनी विचारलं.

‘‘एवढंच. दर पंधरा दिवसांनी.’’

म्हातारबुवा आत गेले आणि जुन्या तातामीचा एक तुकडा घेऊन आले. कुरोला यावर ओरखडायला फार आवडतं, म्हणाले. इंदूताईंचे डोळे चमकले. तासाभरात नोगुची-साननी तो तुकडा फळीला घट्ट शिवून दिला, धंद्यातल्या माणसाच्या सफाईने. मांजराला ओरखडू दे, फक्त कुठे ते आपण ठरवू, हे इंदूताईंचं पुढचं सगळं धोरण त्या फळीत आलं होतं. त्यांनी विचारलं, ‘‘मग सोमवारचं?’’ नोगुची-सान गंभीर झाले. ‘‘पण काइरानबानवर आलंय ना,’’ ते म्हणाले.

तेव्हा रविवारी रहिवाशांची बैठक बोलवावी लागली. ओया-सानच्याच खोलीत, उशांवर बसून, चहा आणि तांदळाची बिस्किटं समोर ठेवून. त्या बैठकीची मला धास्ती होती. जपानी धड येत नाही, आणि आपण ज्याची शाबासकी घेतली तेच चुकीचं होतं असं सांगायचं. सतीश म्हणत होते, ‘‘ताई बोलतील, आपण कशाला मध्ये पडा? इतकी वर्षं कमावलेलं नाव आहे आपलं.’’ मला वाटलं, इंदूताई हाडांची चित्रं वगैरे दाखवतील. त्यांची जपानी शुद्ध होती, पण पुस्तकी. त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते साधारण असं होतं:

‘‘यांचा काही दोष नाही. यांना माहीत नव्हतं. दवाखान्याच्या खोलीत ज्याला माहीत होतं ते माणूस मी होते. मी पंजे धरले आणि बोलले नाही. मला माझ्या नोकरीची काळजी होती. म्हणून आज बोलायला आले आहे.’’

मग ओया-सान पेला खाली ठेवून बोलायला लागल्या. त्या म्हणाल्या, की नखं काढा असं मी कधी म्हटलंच नव्हतं. बिस्किटांचा डबा घेऊन ही मंडळी आली, तेव्हा ते पंजे पाहून मला झोप लागली नाही. माझ्या यजमानांच्या दारांसाठी यांनी हे केलं. आता मला हे नको होतं असं म्हटलं, तर यांचं तोंड कुठे राहील? मांजराचं दुखणंही फुकट जाईल. म्हणून मी तो नियम केला. यांचं करणं बरोबर होतं असं सगळ्यांना वाटावं म्हणून.

मी थक्क होऊन ऐकत होते. मी ओया-सानचा मान राखायला गेले, ओया-साननी माझा राखला, इंदूताईंनी डॉक्टरांचा राखला, आणि या सगळ्या सभ्यपणात बोटं गेली ती ठमीची. माझं तोंड वाचावं म्हणून तो नियम उभा होता, तेव्हा तो पाडायचा तर मलाच तोंड उघडायला हवं होतं. मी उठले. माझी जपानी त्या दिवशी पार मोडली. ‘‘माझी चूक झाली. मांजराला दुखतं. कुरोचं करू नका. कागद बदला,’’ एवढी चार वाक्यं मी कशीबशी म्हटली आणि खाली बसून रडले. सतीश माझ्याकडे बघत होते. मग तेही उठले आणि माझ्या शेजारी उभं राहून कमरेत वाकले.

सोमवारी कुरो दवाखान्यात गेला नाही. बुधवारी नवीन काइरानबान निघालं. जुना नियम मागे, नखं कापून हवी असल्यास घारपुरे-सानना फोन करावा, काहीही द्यावं लागणार नाही. त्या कागदावर पहिला शिक्का आमचा होता. मी तो इतक्या जोरात दाबला, की खालचे दोन कागदही रंगले.

मांजरांची नखं काढण्याविरुद्धची इंदूताईंची चळवळ असं जिला आपण सगळे आज म्हणतो, ती अशी सुरू झाली. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. एक पानभर कागद, त्यावर त्यांनी स्वतः काढलेलं मांजराच्या बोटाचं आणि माणसाच्या बोटाचं शेजारीशेजारी चित्र, खाली फोन नंबर. तो पाटीला अडकवून दारोदार फिरायचा, आधी आमच्या गल्लीत, मग पलीकडच्या, मग ओजिमापर्यंत. कागदात कोणाही मालकाला एका शब्दाने दोष दिलेला नसे. मी एकदा त्यात ‘क्रूर’ हा शब्द घालायला सुचवलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘तो शब्द त्या दिवशी दवाखान्यात तू वाचला असतास, तर माझ्याशी बोलली असतीस का?’’ नसते बोलले. रविवारी आम्ही दोघी सायकलवरून नखं कापत फिरायचो. माझ्याकडे पिशवी आणि तातामीच्या फळ्या, त्यांच्याकडे कात्री. ठरलेल्या वेळी आम्ही कुठेच पोचलो नाही, कारण वाटेतल्या प्रत्येक मांजराशी थांबून बोलणं हे त्यांचं जुनं व्यसन आहे. शिवाय त्या चहा फार वाईट करतात. गौरवग्रंथातही हे कोणीतरी सांगायला हवं.

कायदा वगैरे काही त्यांनी बदलला नाही आणि तसा दावाही त्या करत नाहीत. पण आमच्या भागात ही शस्त्रक्रिया हळूहळू कोणी मागेनासं झालं. एक दिवस त्यांना त्या जुन्या डॉक्टरांचा फोन आला. आमच्या दवाखान्यात लावायला तुमचा कागद मिळेल का, असं त्यांनी विचारलं. इंदूताई स्वतः नेऊन देऊन आल्या. परत येताना त्यांच्याकडे शिफारसपत्र होतं. ‘‘राग नाही आला कधी?’’ मी विचारलं. ‘‘आला होता की,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण ते माझ्यासारखेच होते गं. नाही म्हणायला त्यांना थोडा जास्त वेळ लागला.’’ ती परीक्षा त्या पन्नाशीला टेकल्या असताना पास झाल्या. माधवरावांना त्सुकुबात काम मिळालं आणि तिथे इंदूताईंनी स्वतःचा दवाखाना काढला. तिथल्या कितीतरी तरुण पशुवैद्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलं. त्याबद्दल या ग्रंथात तेच लिहितील.

मी एवढंच लिहीन, की माझी आई सांगलीला वारली तेव्हा मला वेळेत पोचता आलं नाही. त्या आठवड्यात इंदूताई रोज दवाखाना बंद करून त्सुकुबाहून बसने यायच्या, डब्यात पिठलंभात घेऊन. ठमीला मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसायच्या. ठमी कोणाला पंजाला हात लावू द्यायची नाही, शेवटपर्यंत नाही. फक्त इंदूताईंना लावू द्यायची. का, ते मला कधीच कळलं नाही. ठमीने म्हातारपणी प्राण सोडला तेव्हाही तिचा पंजा त्यांच्याच हातात होता. ‘‘चुकलं गं बाई माझं,’’ असं त्या मराठीत तिला म्हणाल्या. इतक्या वर्षांनी.

गेल्या महिन्यात मी त्सुकुबाला गेले होते. इंदूताईंच्या घरी सध्या एक तपकिरी, भांडखोर बोका आहे. अलीकडे त्यांच्या बोटांना कंप आहे. कात्री दोनदा सरकली, तशी त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि बोका मांडीवर ओढला. मी घाबरले. इतकी वर्षं मी पिशवीच धरत आले होते.

‘‘तू काप,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी पंजा धरते.’’

तीच हलकी पकड. तीस वर्षांपूर्वी टेबलापलीकडे होती तीच. मी एकेक टोक कापत गेले, अठराही. बोका उडी मारून उतरला आणि सरळ जाऊन तातामीच्या फळीवर मनसोक्त ओरखडायला लागला. आम्ही दोघी किती तरी वेळ तो आवाज ऐकत बसलो.

इंदूताई, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो, आरोग्य लाभो, असं इथे सगळेच लिहितील आणि मीही मनापासून लिहिते. पण माझं मागणं थोडं स्वार्थी आहे. मला कापता येतं, धरता अजून येत नाही. दर पंधरा दिवसांनी मी येईन. त्याची नखं वाढत राहणार आहेत, ताई. तुम्ही तिथे असा.